कडब्याच्या गंजीत सापडलेली

१

दुपारची भाकरी झाली की ऋतुजाला पाजून झोळीत घालायचं, हे माझं रोजचं काम. पत्र्याच्या शेडमध्ये आडव्या लोखंडी पाइपाला माझी जुनी सुती साडी बांधून झोळी केली होती. सव्वा वर्षाची होती ती, नुकती पाऊल टाकायला लागलेली, पण झोप झोळीतच पाहिजे. झोळीची दोरी मी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि शेंगा फोडत बसायची. पाय हलत राहायचा, शेंगा फुटत राहायच्या, ती झोपायची.

आमची वस्ती मंगळवेढ्यापासून आत, माळाच्या कडेला. ज्वारी निघून गेली होती, रानात नुसती धसकटं. मामंजी मेंढरं घेऊन खाली नदीकडं गेलेले. घरी नुकत्या व्यालेल्या मेंढ्या, त्यांची कोकरं, आत्या आणि मी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, गोजाबाई. माझे मालक जोतिराम दुधाचा टेम्पो चालवतात. पहाटे जातात, दिवस कलला की येतात.

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. शेळीच्या गळ्यातली घंटीसुद्धा गप्प होती. पश्चिमेकडं आभाळ काळंनिळं झालं, तसं आत्यांनी बाहेरनं सांगितलं की वळीव येतोय, कोकरं आत घे. मी अंगठ्याची दोरी सोडली आणि गेले. मेंढरं कोंडायची जाळी शेडपासून लांब नव्हती. झोळीतनं ती रडली असती तर मला ऐकू आलं असतं.

उन्हाळ्यात माळावर वावटळी रोज उठतात. फुफाटा गोल फिरतो, चार काटक्या उचलतो, बांधापर्यंत जाऊन विरतो. त्यांना कुणी भीत नाही. पण त्या खालनं उठतात. ही वरनं आली. ढगातनं हत्तीच्या सोंडेसारखं काहीतरी लोंबलं, हलत हलत खाली आलं आणि जमिनीला टेकलं. टेकलं तिथली माती उकळल्यासारखी वर गेली. मग आवाज आला, साऱ्या तालुक्यातल्या पिठाच्या गिरण्या एकदम सुरू झाल्यासारखा. मी दोन कोकरं पोटाशी धरून पालथी पडले. तोंडात माती गेली, कानात गेली. मी तिचं नाव घेत होते, पण माझंच मला ऐकू येत नव्हतं.

डोकं वर केलं तेव्हा शेड नव्हतं. पडलेलंही नव्हतं. खांबांच्या जागी खड्डे होते आणि मधल्या जमिनीवर, मी फोडलेल्या शेंगांची टरफलं होती तशीच पडलेली.

२

सोंड जिथनं गेली होती तिथं सरळ पट्टा पडला होता. पट्ट्यातली डाळिंबाची झाडं धुणं पिळावं तशी पिळलेली. विजेचे खांब मोडून आडवे. पाण्याची काळी टाकी विहिरीत. आमचा एक पत्रा बाभळीला असा गुंडाळलेला, की जणू तिला कुणी लुगडं नेसवलंय. आणि पट्ट्याच्या बाहेर काहीच नाही. बांधापलीकडं सोजरबाईच्या दोरीवर कपडे वाळत होते, एक चिमटासुद्धा निघाला नव्हता.

मी रस्त्याकडं पळाले, आत्या ओढ्याकडं. मी प्रत्येक पत्रा उचलून बघत होते. उचलायच्या आधी डोळे मिटायची, मग उचलायची. लोक जमले. कुणीतरी मला धरून बसवायला लागलं, मी त्याच्या हाताला चावले.

मग ओढ्याकडनं गलका झाला. मी तिकडं धावले तर आत्या चढ चढून वर येत होत्या आणि त्यांच्या कडेवर ऋतुजा. ओढ्यापलीकडं आबासाहेबांची कडब्याची गंजी आहे, तिच्यात बसली होती म्हणे. अंगावर सकाळचं हिरवं झबलं, गालावर तीट. साधं खरचटलेलंसुद्धा नाही. बायका रडायला लागल्या, माणसांनी बिरुदेवाच्या नावानं नारळ फोडला. मी तिला आत्यांच्या हातातनं ओढून घेतलं आणि मुके घेत सुटले.

ती रडत नव्हती. भ्याली असेल, मी म्हणलं.

आमच्या सगळ्यांच्या पापण्यांत माती होती. बोललं तरी दाताखाली कचकच वाजायचं. तिच्या केसांत मातीचा कण नव्हता. आणि मुका घेतला तेव्हा तीट माझ्या ओठाला लागली. सकाळी लावलेली तीट, दुपारी ओली.

दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला आले. मेंढ्या गेल्या, कोकरं गेली, शेड गेलं, ते सगळं बघून गेले. जाताना म्हणाले, नशीब, जीवितहानी नाही.

३

सोजरबाईनं आम्हाला मागची खोली दिली. कांद्याच्या पिशव्या एका बाजूला सारून आम्ही पथारी टाकली. एकच खिडकी, ती पण कोंबड्या येतात म्हणून खिळा ठोकून बंद केलेली. लाइट नव्हती, पंखा नव्हता. दुपारी त्या खोलीत घामानं भिजायला व्हायचं.

मी ऋतुजाला पाजायला घेतलं. तिनं तोंड लावलं, ओढलंही. पण मला पान्हा आला नाही. धसका घेतलाय अंगानं, येईल, मी म्हणलं. परत घेतलं. तिचं तोंड कोरडं होतं. भाजलेल्या मातीच्या भांड्याला ओठ लावले की चिकटतात, तसं कोरडं. ती रडली नाही, हटून बसली नाही. पाजायचं थांबवलं की थांबायची. भात भरवला की तोंड उघडायची, गिळायची, परत उघडायची. पुरे म्हणून कधी तोंड फिरवलं नाही.

सोजरबाईची लेक बाळंतपणाला आलेली होती. भिंतीपलीकडं तिचं तान्हं रडलं की माझा पोलका भिजायचा. मांडीवर माझी स्वतःची लेक, आणि पान्हा भिंतीपलीकडच्या बाळाला. मला लाज वाटायची, मी पदर ओढून घ्यायची.

मंगळवेढ्याला डॉक्टरला दाखवलं. त्यानं तपासलं, वजन केलं, म्हणाला पोरगी ठणठणीत आहे, आईलाच टॉनिक पाहिजे. यजमानांना हसू आलं. कितीतरी दिवसांनी हसले ते. मीही हसले.

ती दुपारी झोपली की मी तिच्या छातीला कान लावायची. आत बारीक घुमायचं. लांब कुठंतरी गिरणी चालू असावी, तसं. कफ असेल. लहान लेकरांना कफ होतोच. एकदा कान तसाच ठेवून मी समोर बघितलं. भिंतीवर खिळ्याला कॅलेंडर होतं. खिडकी बंद, दार बंद. कॅलेंडरचं खालचं पान हळूच उचललं जात होतं, तिच्या बाजूला. ती श्वास सोडायची तेव्हा खाली पडायचं.

मी उठून कॅलेंडर उतरवलं आणि कांद्याच्या पिशवीमागं ठेवून दिलं. सोजरबाईनं विचारलं तर सांगितलं, खिळा हलत होता.

४

वादळात मार लागलेलं एका मेंढीचं कोकरू त्या सकाळी मेलं, आणि एका कोकराची आई वादळातच गेली होती. अशा वेळी आमच्यात काय करतात ते मी लग्न होऊन आल्यापासून बघत आले आहे. मेलेल्या कोकराचं कातडं काढायचं आणि पोरक्या कोकराच्या पाठीवर अंगरख्यासारखं बांधायचं. मेंढीचं दूध पिळून त्याच्या डोक्याला, शेपटीला चोळायचं. मग मेंढी हुंगते, आपलंच आहे म्हणते आणि पाजते. पुढं त्या कोकराच्या अंगाला तिच्याच दुधाचा वास यायला लागला की कातडं सोडवायचं.

मी मेंढीचं डोकं धरलं होतं. आत्या कातडं बांधत होत्या. मेंढी आधी लाथा झाडत होती, मग हुंगली आणि गप्प उभी राहिली. आत्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "डोळं असत्यात तिला. पर ती डोळ्यानं वळखत न्हाय."

हात धुऊन त्या खोलीत आल्या. मी ऋतुजाची आंघोळ उरकून तिला पुसत होते. त्या म्हणाल्या, बस, गाठी हुतील, दूध काढू दे. भिंतीपलीकडं तान्हं रडत होतं, त्यामुळं दूध आलेलंच होतं. त्यांनी ओंजळीत काढलं. मला वाटलं आता दाराबाहेर टाकतील.

त्यांनी ते ऋतुजाच्या टाळूला लावलं. मग पाठीला. मग कमरेखाली, चोळून चोळून. हात तसेच फिरत होते, जसे मघाशी फिरले होते.

माझ्या हातातला पंचा खाली पडला.

"आत्या, असं परक्या कोकराला करत्यात."

त्या चोळत राहिल्या.

"झबलं तिच्या अंगावर होतं का?"

"वड्याकडच्या बाभळीला अडकलं हुतं." त्यांनी ऋतुजाची मान वर करून हनुवटीखाली चोळलं. "म्या घातलं. तीट बी म्याच लावली. तव्याचं काळं हुतंच हाताला."

"का?"

"तू पळत येत हुतीस. तुजं त्वांड बघितलं म्या."

ऋतुजा आम्हा दोघींच्या मधे बसली होती. आम्ही बोलत होतो तिकडं तिचं लक्ष नव्हतं. ती भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडं बघत होती.

"त्वांड तिचंच हाय," आत्या म्हणाल्या. "डोळं तिचंच, हातपाय तिचंच. म्या वास घितला, रुपाले. आपला न्हवता." त्यांनी ओला हात स्वतःच्या लुगड्याला पुसला. "कुणाचाच न्हवता."

"मग माझी कुटं हाय?"

त्यांनी पडलेला पंचा उचलून ऋतुजाच्या अंगाभोवती गुंडाळला. एवढंच म्हणाल्या की कोकरू घेतलं नाही तर मेंढीची कास नासते, मेंढीपण जाते आणि कोकरूपण. पाज हिला. आज ना उद्या येईल वास.

५

मी सातवी शिकलेली आहे. आत्यांची सही अंगठ्याची. मी स्वतःला समजावलं. म्हातारीनं भीतीनं काहीतरी मनात घेतलंय. आसपासच्या कुठल्याच गावात लेकरू हरवलेलं नव्हतं, मग ही दुसऱ्या कुणाची कशी असेल? झबलं वाऱ्यानं निघालं असेल. वळवाच्या वाऱ्यातनं आलेल्या लेकराला मातीचा, पावसाचा वास येणारच. शाळेत वाऱ्याचा धडा होता, तो मी आठवून आठवून म्हणत होते. हवा तापते, तापली की वर जाते, आणि तिची जागा घ्यायला दुसरी हवा येते.

इथपर्यंत आले आणि पुढं मला म्हणता येईना.

संध्याकाळी मी यजमानांना सगळं सांगितलं. ते टेम्पोला टेकून ऐकत होते. ऐकून आत गेले, आईला विचारलं. आत्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं की असं काही म्या बोलले न्हाय, पोरगी आपलीच हाय, रुपाली भेदरलीय. ते परत बाहेर आले. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"लेकरू कडंवर घिऊन, लेकरू हरवलंय म्हणून कुणाला सांगू मी?" ते म्हणाले. "चौकीत जाऊ? सरपंचाकडं जाऊ? काय म्हणू, सांग की."

जे लेकरू सापडलं नाही त्याला अख्खा गाव शोधतो. विहिरीत गळ टाकतात, रानं पालथी घालतात. सापडलेल्या लेकराला कोण शोधणार? मला धरून बसवणारे, नारळ फोडणारे, सगळे आपापल्या घरी पत्रे ठोकत होते. सव्वा वर्षाचं लेकरू माळावर, ह्या उन्हात, दुधाशिवाय किती टिकेल याचा विचार मी अर्ध्यातच सोडायची.

ते म्हणाले, उद्या संध्याकाळी तुला कुर्डुवाडीला सोडतो, तुझ्या आईपाशी राहा महिनाभर. ओढ्यापलीकडं तोवर जेसीबी आला होता. मोडलेली झाडं, पत्रे, माती, सगळं लोटून पट्टा साफ करायला सुरुवात झाली होती.

मला फक्त दुसऱ्या दिवसाची दुपार उरली होती.

६

यजमान टेम्पो घेऊन गेले, आत्या मेंढ्यांकडं गेल्या, तशी मी ऋतुजाला कडेवर घेतलं आणि पट्ट्यातनं चालायला लागले. तिला मागं का ठेवलं नाही ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. रिकाम्या हातानं मागायला जाऊ नये असं काहीतरी वाटत होतं.

ऊन डोक्यावर होतं. ओढ्यात कुणाच्या तरी कपाटाचं दार पडलं होतं, आरसा शाबूत, त्यात आभाळ. आबासाहेबांची गंजी आली. गंजीची एक पेंढीसुद्धा हललेली नव्हती. त्या पलीकडं पट्टा माळावर चढत जातो.

गंजी ओलांडली आणि माझ्या छातीत टोचलं.

पान्हा होता. तिथं कुणाचं बाळ नव्हतं, कुणी रडत नव्हतं, लांबवर जेसीबीचा आवाज तेवढा होता. मी डावीकडं वळले तर थांबला. उजवीकडं वळले तर परत आला. मी मेंढीसारखी नाक वर करून त्या रानात गोल फिरत होते. मग मी बघायचं सोडून दिलं, नुसती अंग सांगेल तसं चालत गेले. पोलका भिजला, पदर भिजला, पोटावरनं ओघळ खाली निघाले. मला हसायला येत होतं. जिवंत हाय, मी म्हणत होते, जिवंत हाय गं बाय.

कडेवरची हलकी होत चालली होती. पुढं पुढं तर नुसतं झबलं कडेवर घेतल्यासारखं लागायला लागलं. तिच्या छातीतलं घुमणं आता कान न लावता ऐकू येत होतं.

माळाच्या मध्यावर पट्टा संपला. अलीकडं जमीन खरवडलेली आणि एका पावलापलीकडं वाळकं गवत उभं. सोंडेनं तिथं पाय उचलला होता. आणि तिथं, त्या टोकाला, वावटळ होती. लहान, माझ्या डोक्याएवढी उंच. एका जागी उभी. शेजारचं गवत हलत नव्हतं. ती फिरत होती, पण कुठंही जात नव्हती.

"ऋतू," मी हाक मारली. "ये बाय. आई आलीया."

कडेवरची वाकली. आवाजाकडं नाही, त्या धुळीकडं. माझ्या हातावरनं पुढं झुकली आणि मी हात सैल सोडला. ती पडली नाही. उभ्यानंच आत गेली. झबलं तेवढं बाहेर आलं, वर गेलं आणि दिसेनासं झालं.

धूळ एकदम दाट झाली आणि मी गुडघ्यावर बसून आत बघितलं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. आत दोघी होत्या. सारख्या उंचीच्या, सारख्या पोटाच्या, दोघी उघड्या. दोघींनी मला घे म्हणून हात वर केले होते. आणि दोघींच्या वर, पलीकडच्या बाजूनं, कुणीतरी वाकलं होतं. तोंड दिसलं नाही. तोंड होतं का तेही सांगता येत नाही. पण वाकणं ओळखू आलं. मी वाकले होते तसंच होतं ते.

मी वास घ्यायला गेले. नाकात फक्त माती गेली.

मग मी जवळचीला धरलं. दंडाला धरून ओढलं. पलीकडनंही ओढ लागली, एक क्षणभर, जोराची. आणि मग सोडलं. इतकं सहज सोडलं की मी मागं पडले.

धूळ बसली. गवत तसंच उभं होतं. माझ्या छातीवर एक लेकरू होतं, धुळीनं माखलेलं, केसांत माती, पापण्यांत माती, आणि ते रडत होतं. मी पदराखाली घेतलं. तिनं तोंड लावलं. तोंड ओलं होतं. ती घटाघटा प्यायला लागली आणि मी तिथंच उन्हात बसून मोठ्यानं रडले.

परत निघाले तेव्हा गंजीपाशी आत्या भेटल्या. मला शोधत आल्या होत्या, धापा टाकत होत्या. त्यांनी हात पुढं केले. बघू दे म्हणाल्या. मी पदर गच्च ओढून घेतला.

"लांबनं बोला, आत्या."

त्या थांबल्या. जवळ आल्या नाहीत. पण वारा माझ्या पाठीकडनं सुटला होता, त्यांच्याकडं जात होता. त्यांनी नाक थोडं वर केलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "जा घरी. पाज तिला."

आणि त्या माझ्या बाजूनं पुढं गेल्या, माळाकडं. मला वाटलं त्या माझ्या मागं येतील, पण आल्या नाहीत. मी ओढ्यापर्यंत पोचले तेव्हा मागनं आवाज आला. जीभ टाळूला लावून काढतात तो. दिवस मावळायच्या आधी मेंढरं मोजली आणि एखादं कोकरू रानात मागं राहिलेलं असलं, की आत्या तो आवाज काढतात. काढायच्या, थांबायच्या, परत काढायच्या.

वादळात पांगलेलं एखादं कोकरू असेल, मी म्हणलं. मी मागं वळून बघितलं नाही. कपाटाच्या दारावर पाय पडू नये म्हणून खाली बघत ओढा उतरले.

माळावरनं आवाज येतच होता. पदराखालची प्यायची थांबली, आणि कान देऊन ऐकायला लागली.